द्रोणागिरी भरण्याआधी बाजाराची जागा राखा

12 जानेवारी 2024 हा दिवस उरणकर विसरणार नाहीत. शिवडीहून न्हावा शेव्याला येणारा 21.8 किलोमीटरचा अटल सेतू त्या दिवशी खुला झाला, आणि 2018 पासून खारकोपरपर्यंत येऊन थांबलेली लोकल त्याच दिवशी उरणला पोहोचली. न्हावा शेवा, द्रोणागिरी, उरण ही नावं रेल्वेच्या पाट्यांवर आली. त्याआधीच्या पिढ्यांनी मुंबई गाठली ती मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याची लाँच पकडून, भरती-ओहोटीचा हिशेब करत. नाहीतर एसटीत बसून, कंटेनरच्या रांगांमधून वाट काढत. आता डिसेंबर 2025 पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानंही उडू लागली आहेत. पलीकडे कर्नाळा, साई, चिरनेर या पट्ट्यात 124 गावांच्या जमिनीवर आणखी एक नवं शहर वसवण्याचा शासनाचा निर्णय झालेला आहे.

या सगळ्यामुळे तालुक्यात कुठल्याही नाक्यावर उभं राहिलं, तरी बोलणं जागेच्या भावावर येतं. कोणत्या सेक्टरमध्ये गुंठ्याला काय दर, कोणत्या इमारतीत किती मजले. बाजार कुठे भरणार, हे मात्र कोणी विचारत नाही. नवी मुंबईच्या द्रोणागिरी नोडमध्ये राहायला येणारी हजारो कुटुंबं मासळी, भाजी, फुलं, मडकी, चपला, वह्या कुठून घेणार, आणि त्या वस्तू आज विकणाऱ्या बायका-पुरुषांना या नव्या शहरात बसायला जागा असणार की नाही, हा प्रश्न आत्ता विचारायचा आहे. पाच वर्षांनी तो विचारून उपयोग नाही. इमारती पूर्ण झाल्या, सोसायट्या स्थापन झाल्या, रस्त्यांना दुभाजक बसले, की त्याच जागी आधीपासून बसलेल्या भाजीवालीला ‘अतिक्रमण’ हे नाव पडतं. नवी मुंबईच्या जुन्या नोडमध्ये हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

ज्यांनी उरणची पेठ कधी पायी पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं तिच्याविषयी. द्रोणागिरीच्या सेक्टरांमध्ये नव्याने राहायला आलेल्यांपैकी बरेच जण सामानासाठी सरळ सीवूड्सला किंवा वाशीला जातात. पेठ त्यांच्या घरापासून रिक्षाने काही मिनिटांवर आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

चारफाट्यावरून आत वळलं, की रस्ता हळूहळू अरुंद होत जातो. कोटनाका, राजपाल नाका, गांधी चौक अशी नावं लागत जातात आणि दुकानं एकमेकांना खेटू लागतात. कापडवाले, किराणावाले, सोनार, भांडीवाले, बांगड्यांची दुकानं, जाळी-दोरी-गळ विकणारे. आगरी-कोळी घरातलं लग्न निघालं, की हळदीचं सामान, मुंडावळ्या, टोपल्या, सुपं, मडकी, चुडा हे सगळं याच गल्ल्यांमधून जमतं. त्यासाठी चार ठिकाणी हिंडावं लागत नाही, आणि कोणाच्या घरी काय लागतं हे दुकानदाराला विचारावंही लागत नाही. त्याच्या वडिलांनी त्या घरातल्या आधीच्या लग्नाचं सामान दिलेलं असतं. वहीवर उधारी चालते ती या ओळखीच्या जोरावर. ज्याची बोट मोसमात चांगली मासळी घेऊन आली नाही, त्याच्या घरी शाळेच्या जूनमध्ये दप्तर आलं ते या वहीमुळे. ही पत कुठल्याही ॲपवर मिळत नाही.

दुकानांच्या समोर, बाजूला, मधल्या बोळात दुसरा बाजार बसतो, आणि माझ्या मते उरणच्या पेठेचा जीव त्यातच आहे. पाट्या घेऊन बसणाऱ्या बायकांचा हा बाजार. करंज्याची, मोऱ्याची, उरण कोळीवाड्याची कोळीण सकाळी येते. बोंबील, मांदेली, कोलंबी, वाकटी, बोटीची मोठी मासळी. खाडीकाठच्या गावांतून आलेल्या आगरी बायकांकडे खाडीचा माल असतो: चिंबोऱ्या, निवट्या, खुबे, कालवं. जिताडा मिळाला तर त्याचा भाव ऐकायलाच माणसं थांबतात. मासे वाट्याने विकायची पद्धत अजून इथे टिकून आहे. मोजके पैसे असलेल्या माणसाला वाटा परवडतो. पाव किलोचं बंद पाकीट घेण्याइतके पैसे नसले, तरी वाट्यातून घरची आमटी होते, वर दोन मासे ‘घे गो बाय, पोरांना’ म्हणून टाकलेही जातात.

पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसात हा बाजार पाहावा. चिरनेर, रानसईच्या बाजूच्या वाड्यांमधून कातकरी, ठाकूर बायका डोक्यावर रानभाज्यांचे भारे घेऊन येतात. आधी शेवळं, मग टाकळा, कुरडू, भारंगी, कंटोली. शेवळाबरोबर काकडं घ्यायला विसरलेल्या नव्या गिऱ्हाइकाला तीच बाई थांबवते, घशाला खाज सुटेल म्हणून बजावते आणि रांधायचं कसं तेही सांगते. चिरनेर म्हणजे 25 सप्टेंबर 1930 च्या जंगल सत्याग्रहाचं गाव. जंगलावरच्या हक्कासाठी तिथल्या माणसांनी गोळ्या झेलल्या. त्याच रानातली भाजी त्या पट्ट्यातल्या बायका आज पेठेच्या कडेला बसून विकतात, आणि तिथूनही त्यांना ‘उठा’ म्हटलं जातं.

आणि आगोट. मे महिन्याच्या अखेरीला उरणच्या बाजारात जी घाई असते, ती ज्याने पाहिली नाही त्याला समुद्रकाठचं घर चालतं कसं हे कळणार नाही. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, ताजी मासळी थोडी आणि महाग. म्हणून पाऊस सुरू होण्याआधी घरात सुकी मासळी भरून ठेवायची. वलांड्यांवर वाळलेले बोंबील, उन्हात पसरून सुकवलेला जवळा, करदी, सोडे, वाकट्या, खारवलेला बांगडा. सोबत मिरची, धणे, हळद; मसाला कांडायला जातो. अलिबागकडच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा येतात. मीठ, चिंच, कोकम, वाल. सासू सुनेला घेऊन येते ती फक्त सामान उचलायला नाही. बोंबील हातात घेऊन तो कडक वाळलाय की ओलसर, जवळ्यात वाळू आहे का, सोडे यंदाचे की गेल्या सालचे, हे तिथे उभं राहूनच शिकवता येतं. गेल्या शंभर वर्षांत आपल्या किनाऱ्यावर पावसाळा ज्यांनी तारून नेला, त्यांचं ज्ञान याच बाजारात एका हातातून दुसऱ्या हातात गेलं आहे.

आता द्रोणागिरीकडे वळू. इथेही बाजार आहेत, पण ते कोणी आखून दिलेले नाहीत. बोकडवीरा, फुंडे, पागोटे, नवघर, भेंडखळ, चाणजे या गावांच्या वेशीवर, सेक्टरच्या तोंडाशी, चारफाट्याच्या आजूबाजूला संध्याकाळी हातगाड्या लागतात, पाट्या उतरतात, वडापावची कढई तापते. कामगार परततो त्या वाटेवर भाजी हवी, म्हणून ती तिथे आली. गिऱ्हाईक आणि विक्रेता जिथे आपोआप भेटतात तिथे बाजार होतो. कायद्याच्या भाषेत यालाच नैसर्गिक बाजार म्हणतात. नियोजकाने त्या वेळी एक फेरी मारली, तर मंडई कुठे हवी हे त्याला डोळ्यांनी दिसेल.

नवी मुंबईची मूळ कल्पना याच्या विरुद्ध नव्हती. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये ‘मार्ग’ या नियतकालिकातून मुंबईच्या पलीकडे नवं शहर वसवायचा विचार मांडला, आणि 17 मार्च 1970 रोजी ते वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली. नोड म्हणजे घर, काम, शाळा, दवाखाना आणि बाजार एकमेकांच्या जवळ असलेली वस्ती, असं ते चित्र होतं. पुढे सेक्टर आखले गेले, दुकानांचे गाळे बांधले गेले, विकले गेले. गाळा ज्याला परवडतो त्याने तो घ्यावाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण एक पाटी मासळीवर दिवसाचं घर चालवणाऱ्या बाईला गाळ्याची अनामत रक्कम कुठून परवडणार? तिला हवं असतं ते थोडंच: एक ओटा, डोक्यावर छप्पर, पाण्याचा नळ, सांडपाण्याला गटार, आणि जवळ स्वच्छतागृह. रोज बसायची खात्री. हे एवढं मागितलं, की जागा नाही असं उत्तर येतं.

जागा नाही हे उत्तर या भूमीत ऐकून घेण्यासारखं नाही. कारण जागा इथल्याच माणसांनी दिलेली आहे. भातखाचरं गेली, मिठागरं गेली. जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उठले, आणि 16 व 17 जानेवारी 1984 या दोन दिवसांत दास्तान फाटा आणि नवघर परिसरातल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या रक्तातून मिळाला. आज द्रोणागिरी नोड आहे तो त्या नवघर-पागोट्याच्या शिवारात. दरवर्षी जानेवारीत आपण हुतात्म्यांना अभिवादन करतो. त्या घरांतल्या लेकीसुनांना नव्या शहरात टोपली ठेवायला हक्काची जागा मिळवून देणं हाही त्या अभिवादनाचा भाग व्हायला हवा.

जमिनीइतकीच खाडीही गेली. जेएनपीटी बंदर 1989 मध्ये सुरू झालं. भराव, ड्रेजिंग, कांदळवनांची हानी यांमुळे पारंपरिक मासेमारांची पोटाची जागा आक्रसली. फेब्रुवारी 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उरण, हनुमान कोळीवाडा, गव्हाण आणि बेलपाडा या चार कोळीवाड्यांतल्या 1,630 कुटुंबांना 95 कोटी 19 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. खाडीचं नुकसान झालं हे न्यायपीठानेच मान्य केलेलं आहे. अशा घरांमध्ये आज रोजचा पैसा येतो तो बहुतेक वेळा बाईच्या टोपलीतून. पुरुषाच्या जाळ्यात जे कमी झालं, ते तिने करंज्याच्या बोटीवरून विकत घेतलेल्या मासळीने भरून काढलं. तिची बसायची जागा काढून घेणं म्हणजे त्याच कुटुंबाला दुसऱ्यांदा विस्थापित करणं.

मंडई इतरत्र हलवली तर काय बिघडलं, असं विचारणारे भेटतात. मुंबईकडे बघा. क्रॉफर्ड मार्केटजवळची छत्रपती शिवाजी महाराज मंडई धोकादायक ठरली, आणि 2021 मध्ये तिथल्या मासळी विक्रेत्यांना ऐरोलीला नेण्याचा बेत पुढे आला. कोळी बायका रस्त्यावर उतरल्या, कारण त्यांचं गिऱ्हाईक त्यांच्याबरोबर ऐरोलीला जाणार नव्हतं. बाजार म्हणजे भिंती आणि छप्पर असतं, तर तो ट्रकमध्ये घालून नेता आला असता. बोटीचा धक्का किती जवळ, बर्फ कुठे मिळतो, सकाळची पहिली एसटी कुठे थांबते, कोणत्या रस्त्याने बायका घरी परततात, या सगळ्या गोष्टी जुळून आल्यावर तो उभा राहतो.

दुसरीकडे, जिथे माणसं वेळेवर उठली तिथे बाजार वाचले आहेत. अमेरिकेतल्या सिएटल शहरात 1907 पासून भरणारा पाइक प्लेस बाजार पाडून तिथे कार्यालयं, हॉटेल आणि वाहनतळ बांधायचे ठरले होते. व्हिक्टर स्टाइनब्रुक नावाच्या वास्तुविशारदाने आणि त्याच्या साथीदारांनी गल्लोगल्ली फिरून सह्या गोळा केल्या, प्रश्न मतदानाला लावला, आणि नोव्हेंबर 1971 मध्ये शहराने बाजार राखण्याच्या बाजूने कौल दिला. शेतकरी आजही तिथे बसतात, आणि तो बाजार त्या शहराची जगभरची ओळख झाला आहे. आपल्याच देशात इंफाळला इमा कैथेल आहे. तिथे सगळ्या विक्रेत्या बायका, आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच. त्यांनी इंग्रजांच्या काळातही आंदोलनं केली आणि स्वातंत्र्यानंतरही बाजारावरचा हक्क सोडला नाही. नवीन इमारती आल्या त्याही त्यांनी आपल्या बाजारासाठी मिळवल्या. उरणच्या बायकांत ती धमक कमी आहे असं मला मुळीच वाटत नाही. त्यांच्या मागे उभं राहणारे आपण कमी पडतो.

आपल्याकडे तर हत्यार तयार आहे. पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, 2014 हा संसदेने केलेला कायदा आहे. रस्त्यावर व्यापार करणं हा वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सोदान सिंग प्रकरणात 1989 सालीच सांगितलं होतं. या कायद्याने त्याला यंत्रणा दिली. त्यातल्या काही तरतुदी प्रत्येक विक्रेत्या बाईला तोंडपाठ असायला हव्यात. दर पाच वर्षांतून किमान एकदा सर्व पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं. सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत कोणालाही उठवायचं नाही. हलवायचंच असेल तर 30 दिवसांची नोटीस. नाशवंत माल जप्त केला, तर मागणी केल्यावर त्याच दिवशी परत करायचा. मासळी संध्याकाळपर्यंत अडकवून ठेवून सडवता येत नाही. निर्णय घेणाऱ्या नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, आणि त्यांतल्या एकतृतीयांश बायका.

दोन तरतुदी तर जणू आपल्यासाठीच लिहिल्या आहेत. पहिली: या कायद्यात ‘स्थानिक प्राधिकरण’ या शब्दात नियोजन प्राधिकरणाचाही समावेश आहे. म्हणजे उरण शहरात नगरपरिषद आणि द्रोणागिरी नोडमध्ये सिडको, दोघांनाही या जबाबदारीतून सुटका नाही. हे आमच्या हद्दीत येत नाही, या उत्तरावर तुमचा अर्ज परत घेऊ नका. दुसरी: ज्या नैसर्गिक बाजारात पथविक्रेते 50 वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करत आले आहेत, तो वारसा बाजार म्हणून जाहीर करायचा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही. उरणच्या पेठेत पाटी घेऊन बसणाऱ्या किती जणींच्या सासवा आणि आजेसासवा याच जागी बसत होत्या, ते त्यांनाच विचारा. 50 वर्षांचा हिशेब सहज पुरा होईल. पण तो कागदावर मांडावा लागेल.

म्हणून पहिलं काम पुराव्याचं. घराघरांत जुने फोटो आहेत: पेठेतली वरात, गणपतीची मिरवणूक, मागे टोपल्या घेऊन बसलेल्या बायका. ते काढा. बाजारकराच्या, बैठकीच्या पावत्या कोणाच्या ट्रंकेत असतील, त्या जपून ठेवा. ज्येष्ठ बायकांचे जबाब नोंदवून घ्या: कोणत्या साली बसायला लागल्या, आधी कोण बसत होतं, कुठून माल आणत. फुंड्याच्या वीर वाजेकर महाविद्यालयातल्या आणि तालुक्यातल्या इतर महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत हे मनावर घेतलं, तर उरणच्या बाजाराचा असा दस्तऐवज तयार होईल की कुठल्याही सुनावणीत तो पुढे ठेवता येईल. प्राध्यापकांनी हे प्रकल्प म्हणून द्यावं. मोबाईल सगळ्यांच्या हातात आहे; त्याचा एवढा चांगला उपयोग दुसरा नाही.

दुसरं काम सर्वेक्षणाच्या मागणीचं. नगरपरिषदेकडे आणि सिडकोकडे वेगवेगळे लेखी अर्ज करायचे, पोच घ्यायची. अर्जात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण, नगर पथविक्रेता समितीची निवडणूक, आणि पेठेतल्या मासळी-भाजी बाजाराला वारसा बाजाराचा दर्जा. प्रमाणपत्र मिळालं की 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वनिधी योजनेसारख्या कर्जासाठीही उभं राहता येतं. आज सावकाराकडून रोजच्या व्याजाने पैसे उचलणाऱ्या बाईला हे केवढं मोठं आहे ते तिलाच माहीत.

तिसरं, नोडमध्ये बाजारासाठी राखीव जागा. द्रोणागिरी आणि उरण या दोन्ही स्थानकांच्या चालत्या अंतरात, आणि प्रत्येक दोन-चार सेक्टरांमागे एक, अशा ओट्यांच्या मंडया हव्यात. गाळ्यांच्या नव्हे, ओट्यांच्या. वाशी-तुर्भ्याला घाऊक बाजारासाठी विस्तीर्ण जागा देता आली, मुंबईतला कांदा-बटाटा आणि फळभाजी तिकडे आणता आली, तर इथल्या किरकोळ बाजारासाठी काही गुंठे का देता येऊ नयेत? एक गोष्ट मात्र आखणी करणाऱ्यांनी विसरू नये. द्रोणागिरीची जमीन भरावाची आहे, भरतीच्या पाण्याच्या पातळीचा विचार करूनच धारण तलाव ठेवावे लागले आहेत. मुसळधार पाऊस आणि उधाण एकत्र आलं की पाणी तुंबतं. म्हणून मंडईचे ओटे उंच हवेत, आणि मंडईच्या नावाखाली पाणजे-भेंडखळसारख्या पाणथळींवर भराव घालायची पळवाट कोणी काढता कामा नये. पाणथळ गेली तर निवटी, चिंबोरी आणि जवळा जाईल. मग मंडईत विकायचं काय?

पेठेबद्दल ज्या तक्रारी आहेत, त्या खोट्या नाहीत. राजपाल नाक्यावर संध्याकाळी दुचाकी पुढे सरकत नाही. मासळीचं पाणी रस्त्यावर वाहतं. प्लास्टिकच्या पिशव्या गटारात अडकतात. फूटपाथ पूर्ण अडवला, तर म्हातारं माणूस आणि शाळकरी पोर रस्त्यावरून चालतं, हे कुणालाच परवडणारं नाही. विक्रेत्या बायकांना आणि हातगाडीवाल्या दादांना माझी हात जोडून विनंती आहे की चालायला वाट सोडा, उठताना आपली जागा धुऊन जा, वजनकाटा खरा ठेवा. आपल्या बाजूने बोलणाऱ्या माणसाची मान खाली जाईल असं काही करू नका. आणि नगरपरिषदेला सांगणं असं की ठरावीक वेळांत पेठेतून चारचाकी बंद करा, माल उतरवायची वेळ नेमून द्या, बर्फ आणि पाण्याची सोय करा. कोंडीचं मूळ टोपलीत कमी आणि दुकानासमोर तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या गाड्यांत जास्त आहे, हे पाहणी केली तर लगेच कळेल.

शेवटी, नोडमध्ये नव्याने राहायला आलेल्या कुटुंबांशी बोलायचं आहे. तुम्ही कोल्हापूरहून आला असाल, बिहारहून आला असाल, चेंबूर-घाटकोपरच्या छोट्या खोलीतून सिडकोची सोडत लागून आला असाल. तुमचं स्वागत आहे. तुमच्या फोनवर दहा मिनिटांत घरपोच भाजी येते, ती सोय कोणी नाकारत नाही. पण त्या पिशवीसाठी दिलेल्या पैशातला किती भाग या तालुक्यात राहतो, याचा विचार करा. पेठेत दिलेली शंभराची नोट त्याच संध्याकाळी बर्फवाल्याकडे, रिक्षावाल्याकडे, पिठाच्या गिरणीत जाते. शिवाय एकदा ओळख झाली की ती मावशी तुम्हाला सांगेल आज कोणती मासळी घ्यायची नाही. तुमचं मूल रडत असेल तर त्याच्या हातात पेरू ठेवेल. रात्री उशिरा स्थानकावरून परतणारी तुमची मुलगी उजेड असलेल्या, माणसं बसलेल्या रस्त्याने येईल. ज्या रस्त्यावर बाजार असतो तो रस्ता सुनसान राहत नाही. सोसायटीच्या सभेत कोणी हातगाड्या हटवायचा ठराव आणला, तर त्याच सभेत उभं राहून विचारा की हटवून कुठे बसवणार? उत्तर मिळेपर्यंत त्या ठरावावर सही करू नका.

यासाठी कुठली मोठी संघटना उभी राहायची वाट पाहू नये. प्रत्येक गावातून दोन, प्रत्येक सेक्टरमधून दोन आणि पेठेतल्या विक्रेत्या बायकांमधून निदान दहा जणी, एवढी माणसं एकत्र आली तरी अर्ज, सर्वेक्षण आणि पाठपुरावा होऊ शकतो. पुढे असाव्यात त्या बायकाच. बाकीच्यांनी कागद लिहावेत, कार्यालयात सोबत जावं, कायद्याचं कलम वाचून दाखवावं. ग्रामपंचायतींनी ग्रामसभेत ठराव घेऊन तो सिडकोकडे पाठवावा. नगरसेवकाला, सरपंचाला, आमदाराला मत मागायला आल्यावर पहिला प्रश्न हाच विचारा: आमच्या बाजाराची जागा विकास आराखड्यात कोणत्या भूखंडावर आहे, तो क्रमांक सांगा.

या आठवड्यात एक दिवस चारफाट्यावर उतरा, पेठेतून पायी फिरा, खरेदी करा, आणि तिथल्या बायकांना विचारा की सर्वेक्षणाच्या अर्जावर सही करणार का. आधी तुमची सही करा, मग कागद त्यांच्या पुढे ठेवा.